बारा कप्प्यांचं यंत्र

अकोल्याच्या कॉलेजात वानखडे सर गणित शिकवायचे आणि दुपारी व्हरांड्यात डोळे मिटून यंत्र चालवायचे. यंत्र म्हणजे लिलावातून आणलेली बारा कप्प्यांची लाकडी मांडणी. खरा संगणक त्यांनी पाहिला नव्हता. साठीच्या दशकात आमच्याकडे तो पाहिला होता तरी कोणी? कुणाकडून तरी आलेलं एक इंग्रजी पुस्तक वाचून सर त्या यंत्राच्या स्वप्नात शिरले होते.

"बेरीज येते ना तुले? मंग बस. आजपासून तूच यंत्र," पहिल्याच भेटीत ते मला, त्यांच्या नव्या विद्यार्थिनीला, म्हणाले. ते एकेक हुकूम सांगत. मी चिठ्ठीवर आकडा लिहून कप्प्यात टाकी. उन्हं कलंडत, कडुनिंबाची पानं चिठ्ठ्यांत येऊन पडत, आणि खरा संगणक जिथे होता ती मुंबई फार दूर वाटत नसे.

एकदा मुंबईच्या एका संस्थेनं प्रशिक्षणासाठी एक जागा काढली. दिलेलं गणित स्मृतीच्या कमीत कमी कप्प्यांत यंत्राकडून कसं सोडवून घ्याल, ते लिहून पाठवायचं होतं. आम्हाला पंधरा कप्पे लागू लागले.

"सर, मोठी मांडणी आणू या."

"घर लहान नाही, पोरी. जेवण झालेले पाहुणे उठून नाही राहिले."

मग कोणता आकडा शेवटचा कधी लागतो ते शोधायचं, आणि त्याचं काम संपलं की त्याच कप्प्यात नवा ठेवायचा. घाईत मी एक चिठ्ठी लवकर फाडली. पुढे तोच आकडा हवा होता. आठवड्याची मेहनत गेली. मी रडकुंडीला आले. सर एवढंच म्हणाले, "फाडायच्या आधी इचारावं, याले पुन्हा कोनी हाक मारनार हाये का?"

शेवटी गणित नऊ कप्प्यांत बसलं. रिकाम्या तीन कप्प्यांकडे सर नदीकडे बघावं तसे बघत राहिले. अर्जावर मात्र त्यांनी माझं नाव लिहिलं.

"काहून, सर? स्वप्न तर तुमचं."

"साखरेच्या बिमारीनं डोळे चालले, पोरी. आकडे मले दोन-दोन दिसून राहिले. तू जा. नीट पायजो, अन् मले लिवजो."

निवड होऊन मुंबईत पोचल्यावर मी संगणकाच्या त्या थंडगार खोलीचं, लुकलुकणाऱ्या दिव्यांचं चार पानी वर्णन सरांना कळवलं. उत्तर त्यांच्या पत्नीचं आलं: 'यांना आता दिसत नाही. मी पत्र तीनदा वाचून दाखवलं. यंत्राचा आवाज कसा येतो ते लिहिलं नाहीस, म्हणाले.'

दुसऱ्या दिवशी मी यंत्रापाशी तासभर नुसती ऐकत उभी राहिले. संध्याकाळी दोन पानं लिहिली. ती अकोल्याला पोचली तेव्हा सर जाऊन दोन दिवस झाले होते.