लाल घेवड्याची खीर

एलिहियोची पांढरी व्हॅन सकाळी ऑफिससमोर उभी दिसली, की पोरांना नाश्ता गोड लागत नसे. समुद्रकाठच्या बोका चिका गावातल्या त्या बेसबॉल अकादमीत सोळा-सतरा वर्षांची पोरं भरती व्हायची. अमेरिकेतल्या मोठ्या लीगपर्यंत पोचायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, हे सगळ्यांना तोंडपाठ. बहुतेकांना त्याआधीच काढून टाकत आणि काढलेल्याला घरी सोडायचं काम एलिहियोचं. "काका, आज कुणाची वरात?" असं पोरं हसत विचारायची, पण व्हॅनपासून चार हात लांब राहून. माणूस वाईट नव्हता. बडबड्या, हळवा, आणि कुणाला नाही म्हणायची वेळ आली की शेपूट घालणारा. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

विल्कीन हा मिचेस गावचा पोरगा, कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षक. बॅट चालत नाही म्हणून त्याला काढलं. एलिहियो त्याला घरी सोडायला निघाला. गावाअलीकडच्या चढावर त्याने एलिहियोचा हात धरला.

"काका, आईला सांगू नका. सुट्टीवर आलोय म्हणा. मी सांगेन नंतर."

एलिहियो हो म्हणाला. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. विल्कीनची आई नेरेइदा हिने लाल घेवड्याची खीर रांधली होती, नारळाच्या दुधातली, रताळं आणि दालचिनी घातलेली. पाहुण्याला वाडगं भरून देत तिने विचारलं, पोरगा मोठ्या लीगमध्ये पोचणार कधी? नुसतं 'बघू' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण खीर फक्कड झाली होती, समोर आई हसत होती, आणि गडी बोलून गेला, "ताई, कॅचर उशिरा पिकतो. धीर धरा. पोरगा सोनं आहे."

विल्कीनने नंतरही काही सांगितलं नाही. अकादमीत परततो म्हणून तो निघाला आणि राजधानीत एका टायरच्या दुकानात पंक्चर काढू लागला; हे ठाऊक फक्त एलिहियोला. पुढच्या वर्षीच्या उपासात एलिहियो दुसऱ्या एका पोराला त्या बाजूला सोडायला गेला, तर नेरेइदा रस्त्यावर डबा घेऊन उभी. माझ्या थोरल्याला, विल्कीनला द्या म्हणाली. त्याने तो इमानाने दुकानावर नेला. विल्कीनने झाकण उघडलं, वास घेतला आणि परत लावलं. माझ्या घशाखाली उतरायची नाही, तुम्हीच खा, म्हणाला. ती खीर एलिहियोने व्हॅनमध्ये बसून संपवली, आणि त्यानंतरच्या वर्षीची तर परस्परच. टाकून देणं त्याला त्याहून मोठं पाप वाटे. खाताना लाज वाटायची. खीर आवडायची, त्याची आणखी लाज वाटायची.

त्याच्याही पुढच्या वर्षी डब्याबरोबर तिचा धाकटा आदोनीही उभा होता, खांद्याला पिशवी अडकवून.

"भाऊ, याची शाळा सोडवली," नेरेइदा म्हणाली. "थोरला आता पोचेलच ना, तुम्हीच म्हणाला होतात. यालाही घेऊन जा. बारा पूर्ण झालीत, आतापासूनच तयार होऊ दे. कॅचरच करा, उशीर लागला तरी चालेल."

एलिहियोचा डब्यासाठी पुढे झालेला हात तिथेच थांबला. 'बघू' हा शब्द अगदी ओठांवर होता.

"ताई, विल्कीनला काढलं," तो म्हणाला. "मी पहिल्यांदा आलो ना, त्याच दिवशी."

ती रडली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. आदोनीने पिशवी खाली ठेवली, तिने त्याला अडवलं नाही. पोरगा कुठे असतो, वेळेवर जेवतो का, एवढंच तिने विचारलं. एलिहियोने दुकानाचा पत्ता सांगितला.

"आणि माझी खीर?"

थाप त्याला सुचलीही होती. "मी खाल्ली," तो म्हणाला.

नेरेइदाने डबा व्हॅनच्या खिडकीतून आत घालून त्याच्या मांडीवर ठेवला.

"मग हीही खा, ड्रायव्हर," ती म्हणाली आणि आदोनीचा हात धरून घराकडे वळली.