दोन विहिरी, दोन नळ्या

डोणगावजवळच्या आमच्याच गावात मी तेव्हा सातवीला विज्ञान शिकवत होते. आमच्या बौद्ध वस्तीतली नोकरी करणारी मी पहिलीच बाई, त्यामुळे आईची मान जरा जास्तच ताठ असायची.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात पटकीची साथ आली, म्हणून ग्रामपंचायतीनं गावविहिरीत आणि आमच्या वस्तीच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायचं ठरवलं. पण माप कुणाला कळेना. एखाद्या दिवशी गावविहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे, तर एखाद्या दिवशी औषधाचा वाससुद्धा नसे. शेवटी सरपंचांनी मेहकरहून आरोग्य निरीक्षकांना बोलावलं आणि मलाही निरोप धाडला, "बाई, पाण्यातलं औषध मोजाचं यंत्र घ्याचं हाय. तुम्ही या. आमाले त्यातलं काय समजते?"

निरीक्षकांनी दोन वस्तू आणल्या होत्या. एक काळी पेटी. तिच्यात रंगीत काचांची चकती, भोकाला डोळा लावून पाहायची. दुसरी साधी काचेची नळी. तिच्यात पाणी घ्यायचं, तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकायचे आणि पावडरीमुळे पाणी किती पिवळं झालं ते रंगपट्टीशी ताडून बघायचं. पेटी जास्त अचूक, पण महाग. नळी स्वस्तातली.

"दोन्ही विहिरींचं पाणी मागवा, मग ठरवू," मी म्हटलं.

पंचायतीपुढे बायाबापड्यांची गर्दी जमली. सरपंचांनी पेटीला डोळा लावला, मग दुसरा लावला आणि म्हणाले, "मले त अंधारच दिसून राह्यला!" मग नळीत गावविहिरीचं पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी पिवळंधम्मक झालं.

"अवो, पाण्याले हळद लागली!" मागून एक बाई ओरडली. सगळे खो खो हसले.

मग आमच्या वस्तीच्या विहिरीचं पाणी घेतलं. थेंब पडले, नळी हलवली, तरी पाणी जसंच्या तसं नितळ. पुन्हा थेंब टाकले. काहीच नाही. हसणं थांबलं. आम्ही सगळे तेच पाणी पीत होतो.

सरपंच शिपायाकडे वळले. "काऊन बे, तिकडं पावडर टाकत नाही?"

"इकडंच संपते ना साहेब. तिकडं न्याले उरतच नाही."

"मंग आजवर सांगतलं काऊन नाही?" सरपंचांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "मीबी कधी इचारलं नाही. जाय, आत्ताच्या आत्ता तिकडं पावडर घेऊन जाय." आणि माझ्याकडे वळून, "बाई, बोला. कोणतं घेऊ?"

"पेटी घेतली तर एकच येईल, अन् ती तुमच्या कपाटात राहील. नळ्या घ्या. एक इथं, एक आमच्या विहिरीवर. कुणालाही उघड्या डोळ्यांनी दिसेल."

निरीक्षक अचूकपणाबद्दल काही सांगू लागले, पण बायांनी त्यांना बोलूच दिलं नाही. "दोन घ्या, दोन!" असा एकच गलका. सरपंचांनी हात जोडले, "घेतल्या, माय, घेतल्या."

आमची नळी आईच्या ताब्यात आली. तिला अक्षरओळख नव्हती, पण रंग ओळखायला अक्षर कशाला? सकाळी पावडर पडून थोडा वेळ गेला की ती ऐटीत विहिरीवर जायची. घागरी घेऊन बाया रांगेत थांबायच्या. आई नळी उन्हात धरून बराच वेळ निरखायची, मुद्दामच जरा जास्त वेळ, आणि मग हाळी द्यायची, "बरोबर हाय वो! भरा पाणी!"

पटकी आमच्या गावात शिरली नाही. आईनं मात्र त्याचं श्रेय पावडरीला कधीच दिलं नाही.