अनारशांची दोन पानं

कॉपीशॉपमधून गरम कागदांचा गठ्ठा हातात आला, की त्या वासाबरोबर मला हायडेलबर्गमधली एक दिवाळी आठवते. आमच्या मराठी मंडळाचा हस्तलिखित दिवाळी अंक मी काढायचो, आणि विद्यापीठात संशोधन करणाऱ्या नागपूरच्या एका तरुणाने त्यासाठी रेखीव अक्षरात लेख लिहून दिला होता. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या काही लेखकांनी म्हटलं, की देव असेल, पण धर्मग्रंथही बुद्धीला पटला तरच मानू; त्यांची पुस्तकं जाळली गेली, छापणारे तुरुंगात गेले, असं सगळं त्यात होतं. इंग्रजी न येणाऱ्या वडिलांना आपलं काम कळावं, म्हणून तो हा अंक त्यांना पाठवणार होता. फराळाच्या दिवशी, चिवड्याच्या आणि ओल्या कोटांच्या वासात, त्याने उभ्याउभ्याच अंक चाळला. "दादा, माझी पानं कुठायत? इथं तर अनारशांची कृती आहे." "अरे, सणासुदीला असलं नको म्हणाले." "कोण?" "सगळेच," मी म्हणालो. तो हसला. "त्या लोकांवर निदान खटले तरी चालले. मला थेट कढईतच सोडलंत की!" मग हॉलमधल्या एकेका चेहऱ्याकडे बघत त्याने भरलेली डिश खाली ठेवली आणि गेला. त्यानंतर तो कुणाच्याच घरी आला नाही. ट्राममध्ये दिसला तरी मान वळवायचा. आज पन्नाशी उलटल्यावर सांगतो, कुणीही नको म्हणालं नव्हतं. तो लेख मी कुणाला दाखवलाच नव्हता, आणि त्याची एकुलती एक प्रत मीच आल्टपापियरच्या, म्हणजे रद्दी कागदाच्या, निळ्या डब्यात टाकली होती.