नळीतली काजळी

कॉव्हेंट्रीतलं ते घर अजून माझ्या स्वप्नात येतं. काचेची कपाटं, बाहेर दाट धुकं, आणि पांढरे सुती हातमोजे घातलेले एक काका.

निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की लोक पिकल्या मिशा शोधतात. मी बाई आहे आणि तेहेतिसाव्या वर्षी निकामी गुडघ्यामुळे निवृत्त झाले. आता छाप्यांच्या पद्धतीविरुद्ध पत्रकं लिहिते. त्याची सुरुवात या केसपासून झाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनला एक फोटो आला. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा. पाटावर जुनी रिव्हॉल्व्हर, झेंडूची फुलं, आणि पोलादावर लाल बोटांचे ठसे. पाठवणाऱ्याने नाव दिलं नव्हतं.

"रक्त आहे," सार्जंट म्हणाला.

"कुंकू आहे. दसऱ्याला आमच्यात शस्त्रं पूजतात."

"बंदुकीला मेकअप?"

"हो. आणि मग आम्ही गोड खातो. तुम्ही फक्त गोड खाता."

तो हसला, तरी छापा टाकायचं ठरलंच. इथला कायदा असा: ज्यांच्या गोळ्या आता बनत नाहीत अशा काही पुरातन रिव्हॉल्व्हर शोभेची वस्तू म्हणून लायसन्सशिवाय ठेवता येतात. पण एकदा झाडली की ती शोभेची राहत नाही, बंदी असलेलं हत्यार होते. मग वर्षानुवर्षांची कैद, आणि हत्यार भट्टीत. ती रिव्हॉल्व्हर ज्यांची, ते काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

पहाटे आठ जण गेलो. बेल होती, तरी दार फोडलं. काकूंनी मुकाट्याने सगळ्यांना चहा केला. मीही प्यायले. फोटोतली रिव्हॉल्व्हर कपाटात होती आणि तिच्या नळीच्या तोंडाशी ताजी काजळी होती. सार्जंटने ती मला दाखवली. कुंकवाबद्दल एवढी बोलणारी मी, आता गप्प बसले. मलाही वाटलं, म्हाताऱ्याने झाडली.

काकांना स्टेशनवर आणलं. चौकशी रेकॉर्डवर आणि इंग्रजीत झाली. इथे मराठीत देते.

"ही शेवटची कधी झाडलीत?" सार्जंटने विचारलं.

"मी? मी तिच्यात कापूससुद्धा दाबून घालत नाही."

"मग काजळी कुठून आली?"

काका गोंधळले. "काजळी? माझ्या रिव्हॉल्व्हरला?" मग कुणी न विचारता ते तिच्याबद्दल बोलू लागले. ही बर्मिंगहॅममध्ये घडवलेली. कार्डिफहून सुटणाऱ्या बोटीवरच्या एका डॉक्टरने विकत घेतली. मुठीवर त्याची आद्याक्षरं आहेत. तो वारल्यावर कितीतरी वर्षं त्याच्या बायकोच्या शिवणाच्या डब्यात पडून होती. पत्रं लिहून लिहून त्यांनी हे सगळं शोधलं होतं आणि खिशातल्या वहीत नोंदवलं होतं. आवाज इतका संथ होता, की खोलीला खिडकी नसूनही मला समुद्र दिसायला लागला.

"मुठीच्या फटीत निळा दोरा अडकलाय. मी काढला नाही."

"का?" मी विचारलं.

"तिच्या हातून अडकलाय तो. मी कोण काढणारा?"

सार्जंटने घड्याळ पाहिलं. "काजळीचं उत्तर मिळालं नाही," तो म्हणाला.

दुपारी काकांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला मला घरी पाठवलं. फुटक्या दाराला फळी ठोकलेली होती. काकू देवापुढे बसल्या होत्या. ताटलीत एक केळं, आणि केळ्यात खोचलेली उदबत्ती. माझी आईही हाउन्सलोच्या फ्लॅटमध्ये अशीच खोचते. लहानपणापासून पाहत आलेय मी हे. तिथेच उभी राहिले.

"काकू, दसऱ्याला उदबत्ती कशात खोचली होती?"

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"केळी संपली होती गं. सकाळी कोण जाणार दुकानात? मी फोटो काढून ग्रुपवर टाकला, तोवर हे आंघोळीला गेले होते. आडवी ठेवलेली, समोरच भोक. खोचली. मग विसरले, ती पार तोंडापर्यंत जळली. काडी आत मोडली. पुसलं, पण डाग काही जाईना."

"सकाळी आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं लायसन्सचं काहीतरी असेल. आणि यांना कळलं असतं तर महिनाभर बोलले नसते माझ्याशी. पोलीस काय, येतात नि जातात."

"आता काका तुरुंगात जातील."

त्या उठल्या, कोट घातला. "चल. लिहून देते."

जबाब झाला. नळीत चिमटा घातला, तेव्हा बांबूच्या काडीचा तुकडा निघाला. लॅबने सांगितलं, काजळीत बंदुकीच्या दारूचा कण नाही. केस बंद झाली. दाराच्या भरपाईचा फॉर्म मात्र त्यांनाच भरावा लागला. माफी कुणी मागितली नाही, मीसुद्धा नाही. त्याचीच आजपर्यंत चीड येते.

आठ पोलीस, एक कुलूप फोडायचं यंत्र, एक लॅब. आणि ज्या बाईने पूजा केली तिला सकाळीच एक प्रश्न विचारायला कुणाला सुचलं नाही. आम्ही तिच्याकडून फक्त कप घेतले. त्या केसने मला हे शिकवलं: घरात शिरल्यावर आधी चहा करणाऱ्या माणसाशी बोलावं.

काका सुटले तेव्हा काकू बाकावर खाली मान घालून बसल्या होत्या.

"मी खोचली उदबत्ती," त्या म्हणाल्या. "नळीत."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता महिन्याचा अबोला सुरू झाला. मग त्यांनी खिशातून रिव्हॉल्व्हरची ती वही आणि पेन काढलं.

"कुठली होती?"

"मोगऱ्याची."

"किती वाजता लावलीस?"

काकू आठवू लागल्या. काका त्यांच्या शेजारी बसले, आणि लिहू लागले.