उजव्या हाताचं माप

युकुलेले हा शब्द नीट म्हणायला मला आठवडा लागला. अंगणवाडीत मी लेकरांना बडबडगीतं शिकवते, पण हे नाव काही जिभेवर बसेना. घ्यायचं तर होतंच, कारण माझ्या नवऱ्याचं बोलणं त्याच्यावर अवलंबून होतं.

लकवा मारल्यापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला होता, 'न्हाई'. भूक लागली तरी न्हाई, पोट भरलं तरी न्हाई. विहारात तीस वर्षं पेटी वाजवून गाणारा माणूस तो. उजव्या हाताची बोटं वळून बसली आणि पेटी कपाटावर गेली. नांदेडला बोलण्याचा व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांचं बोलणं अडलंय, पण गाणं शाबूत आहे. स्वतः वाजवत गायले तर शब्द सुटतील." त्यांच्याकडे हे चार तारांचं चिमुकलं वाद्य होतं. तारा डाव्या हातानं दाबायच्या, उजवा हात नुसता वरखाली झाला तरी भागतं. ह्यांनी ते मांडीवर घेतलं, उजवा हात तारांवरून फिरवला आणि जुन्या गाण्यातले दोन शब्द चक्क बाहेर पडले. मी तिथंच रडले. घरी येऊन मोबाईल उघडला आणि माझी साडेसाती सुरू झाली.

स्वस्तातलं बघू म्हटलं तर शंभर प्रकार. निळं, गुलाबी, फुलाफुलांचं. खाली लोकांचे अभिप्राय: 'रंग छान', 'पॅकिंग उत्तम', 'भाचीला आवडलं'. अरे बाबांनो, वाजतं कसं ते सांगा ना! शेवटी डोळे मिटून एक साधं लाकडी रंगाचं मागवलं.

आमचं गाव वारंगा फाट्यावरून आत. कुरिअरवाला आत येत नाही, फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात पार्सल टाकतो आणि निघून जातो. मी गेले तर खोका उघडलेला. दुकानदार म्हणाला, "ताई, माल बराबर हाय का ते पाहून घेतलं. उगाच तुमाला तकलीफ काहून?" माल बराबर आहे की नाही हे फाट्यावरच्या प्रत्येकानं तारा ओढून पाहिलेलं दिसत होतं.

मग सूर लावायचा उद्योग. मोबाईलवर सूर दाखवणारा काटा हिरवा होईपर्यंत खुंटी पिळायची. चौथी तार लागली की पहिली उतरलेली. पहिली लावली की तिसरी रुसलेली. खुंट्या नुसत्या सरकायच्या. ह्यांचा कान पेटीवर तयार झालेला, ते तोंड वाकडं करून म्हणायचे, "न्हाई!" त्यात त्यांची जाड, शेतात राबलेली बोटं. एक तार दाबली की शेजारची आपोआप दाबली जायची. आठ दिवसांत त्यांनी ते वाद्य भिंतीकडं तोंड करून ठेवून दिलं. परत पाठवू म्हटलं तर कंपनीला मूळ खोका हवा, आणि मूळ खोक्यात मी शेवया भरून ठेवलेल्या.

हाताच्या मापानं बनवूनच घ्यावं, असं मग मनानं घेतलं. दूरच्या शहरातला एक कारागीर मागणीप्रमाणे युकुलेले बनवून देतो असं दिसलं. भला माणूस. मी त्याला लिहिलं, बोटं जाड आहेत, तारांत अंतर जास्त पाहिजे. तो म्हणाला, कागदावर पंजा ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा आणि फोटो पाठवा.

हे काम माझ्या रोजच्या सरावाचं. अंगणवाडीत लेकरांचे पंजे काढून त्यांचे मोर नि फुलं मीच करते. मी पाटावर कागद ठेवला आणि म्हटलं, "अहो, हात द्या बरं इकडं." आणि त्यांचा उजवा हात उचलून कागदावर ठेवला. चांगल्या कामाला डावा हात पुढं करायचा असतो, हे आमच्याकडं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. ते हात मागं ओढायला लागले. "न्हाई, न्हाई." मी वळलेली बोटं एकेक करून सरळ केली, दाबून धरली. "न्हाई! न्हाई!" मी वैतागून म्हटलं, "गप बसा की दोन मिनिटं! तुमच्यासाठीच करून राहिले ना?" ते गप बसले.

दोन महिन्यांनी वाद्य आलं. देखणं, गुळगुळीत, तारा ऐसपैस. ह्यांनी मांडीवर घेतलं आणि सूर सगळा उलटा. जाड तारेच्या जागी बारीक. मी तावातावानं कारागिराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तारा दाबणाऱ्या हाताचाच पंजा पाठवतात. तुम्ही उजव्याचा पाठवलात, म्हणून मी डावखुऱ्याचं बनवलं."

मला पाटावरचा तो कागद आठवला, आणि ह्यांचं ते 'न्हाई, न्हाई'. ह्या माणसानं बोलावं म्हणून मी नांदेडच्या खेपा घातल्या, फाट्यावर उन्हात उभी राहिले, अनोळखी कारागिराशी रात्रंदिवस लिहून बोलले. आणि ते बोलले तेव्हा त्यांना मीच गप बसवलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

कारागीर पलीकडून सांगत होता, "घाबरू नका. तारा काढून उलट्या क्रमानं लावा, तार बसते ती खाच थोडी घासावी लागेल, मी सांगतो तसं करा." मी ह्यांच्याकडं वळले. "मी तारा बदलू का? का परत पाठवायचं?"

"न्हाई," ते म्हणाले.

"तारा बदलू नको?"

"न्हाई." मान आडवी.

"मग परत पाठवायचं न्हाई?"

त्यांनी मान उभी हलवली. इतकं सोपं होतं. एका वेळी एकच विचारायचं आणि मानेकडं बघायचं, एवढंच.

तारा काढून लावायला सबंध दुपार गेली. कारागीर फोनवर सांगत होता, मी नखं घासण्याच्या कानशीनं खाच घासत होते, आणि प्रत्येक तारेला हे कान लावून वर की खाली ते बोटानं दाखवत होते. मोबाईलचा काटा मी बघितलाच नाही.

मग त्यांनी डावा हात तारांवर ठेवला. एक बोट, एक तार. उजवा हात वर गेला, खाली आला. जुन्या गाण्याची चाल लागली. पहिली ओळ अर्धी आली, मग सबंध आली. मला राहवेना. "अहो, किती छान! आता दुसरं म्हणा की, विहारातलं, ते... आणि उद्या डॉक्टरीणबाईंना..."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, गाणं थांबवलं, हात मात्र चालूच ठेवला. आणि त्याच चालीवर, गाण्यात नसलेला शब्द म्हणाले, "ऐक... ऐक..."

"ऐकून राहिले," मी म्हणाले, आणि पुढं एक अक्षर बोलले नाही.