ब्रेकला बांधलेली तार

चेनसॉ दुरुस्तीच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचं तोंड कानसवाले बघतच नसत, आधी त्याचे बूट बघत. बुटांवर लाकडाचा जाडसर कीस असला तर ठीक. पिठासारखा भुसा दिसला की माणूस कामातून गेला. "साखळी बोथट, आणि जोर खांद्याने लावतोय गाढव," हा निकाल तोंडावरच. तीस वर्षं चेनसॉ दुरुस्त करून माणसांबद्दल त्यांचं मत हे असं झालं होतं. फिल्टर साफ न करणारे आळशी, साखळीला जळकं ऑइल पाजणारे भिकारडे. आणि या सगळ्यांचा अर्क त्यांच्याच घरात जावई म्हणून आला होता.

जावई झाडं तोडायची कामं घेई. मशीन महागडं, अक्कल शून्य. चेनसॉच्या पुढच्या मुठीपाशी ब्रेकचा पंजा असतो. मशीन उसळलं की तो मनगटावर आपटतो आणि साखळी जागच्या जागी थांबते. हाताला आडवा येतो म्हणून पठ्ठ्याने तो तारेने मुठीला बांधून टाकला होता. कानसवाल्यांनी दोनदा तार काढली, दोनदा ती परत आली. मुलीला सातवा महिना लागलेला. उद्या याला काही झालं तर हिला काय सांगायचं, या विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता.

तिसऱ्या खेपेला त्यांनी तार काढून खिशातच घातली. जावई फणफणत आला.

"मामा, सारखा ब्रेक लागतो, काम अडतं. या महिन्यात वीस झाडं पाडलीत मी."

"पाडली असतील. झाडांना कुठे कळतंय, जावईबापू, कोण कापतंय ते."

जावयाने मागच्या अंगणात मशीन चालू केलं आणि दाखवून द्यायला ओंडक्यात घातलं. नजर हवी साखळी फिरते त्या पट्टीवर, ती सासऱ्यावर. पट्टीचं टोक मागच्या ओंडक्याला लागलं आणि मशीन उसळलं. पंजा मनगटावर आपटला. साखळी थांबली तेव्हा ती त्याच्या गळ्यापासून वीतभर लांब होती.

"अरे..." कानसवाले ओरडले. त्यांनीच पुढे होऊन मशीन बंद केलं. मग खिशातली तार काढून ओंडक्यावर ठेवली.

"घ्या, तुमची तार."

जावयाने नुसती मान हलवली. नको.

कानसवाले बाकड्यावर बसून साखळीला धार लावू लागले. पहिल्याच दातावर कानस तीनदा घसरली.

"बघताय काय," ते खेकसले. "घरी जा. ती वाट बघत असेल."