हसू नका, रंभाबाई

प्रेमानंद मेश्राम यांचा चेहरा पेशंटांना क्वचितच दिसायचा. आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. नागपुरातल्या एका कॅन्सर रुग्णालयात ते मेडिकल फिजिसिस्ट. किरणांचा डोस किती द्यायचा, कुठून द्यायचा, याचं गणित मांडायचं आणि मशिन रोज पारखून घ्यायचं, हे त्यांचं काम. डॉक्टरला लोक देव म्हणतात, नर्सला ताई म्हणतात. फिजिसिस्टला काय म्हणावं, हे कुणालाच ठाऊक नसतं.

तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट टेबलावर निजला, की डोकं हलू नये म्हणून त्याच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात. मग जाडजूड दार बंद होतं आणि आत माणूस एकटा उरतो. नेमका तेव्हाच भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज यायचा, "काय रंभाबाई, आज कामठीहून ऑटोत बसून आल्या, का ऑटोवाल्यालेच उचलून आणलं?"

आणि मुखवट्याखालचा माणूस सैलावायचा.

या आवाजाची सुरुवात झाली कोराडीच्या कॉलनीत. वडील वीज केंद्रात कामाला. दोरीवरच्या कपड्यांवर राखेची साय धरायची, आणि आंबेडकर जयंती आली की त्याच दोरीवर लुगडी टाकून नाटकाचा पडदा व्हायचा. काय ते दिवस! गॅसबत्तीचा फसफस आवाज, चुन्यानं रंगवलेल्या दाढ्या, पुढच्या रांगेत बायकांची कुजबुज. लहानग्या प्रेमानंदाला मंचावर पाय ठेवला की कापरं भरे, म्हणून त्याला विंगेत बसवलं. नट अडला की हळूच पुढलं वाक्य द्यायचं. एका जयंतीला भैयाजी नावाचा आडदांड फिटर ऐन रंगात येऊन गप्प झाला. विंगेतून वाक्य आलं, भैयाजी गरजला, टाळ्या पडल्या. नंतर घामेजल्या हातानं पोराची पाठ थोपटत तो म्हणाला, "तू होता म्हणून उभा राहिलो गा."

अंधारातून आलेला आवाज माणसाला सावरतो, यावर प्रेमानंदांचा विश्वास बसला तो तेव्हापासून.

नोकरीला लागले तेव्हा किरणं द्यायला जुनं कोबाल्ट मशिन होतं. मऊ तार पेशंटच्या गालावरून वळवायची, अलगद उचलून कागदावर ठेवायची, आणि चेहऱ्याचा आकार पेन्सिलीनं उतरवायचा. किती चेहरे त्यांनी असे बोटांनी ओळखले! पुढे कोबाल्ट गेलं, तार गेली, कॉम्प्युटर आले. मायक्रोफोनपुढचे प्रेमानंद तेवढे जागेवर राहिले.

संशोधनाचा विषय निघाला की मात्र ते हात जोडायचे. "मोठ्या शहरातले लोक आकडे मागतात, आपण देतो. मग ना आकड्यांचा पत्ता, ना आपल्या नावाचा. अन् इथं मशिनले श्वास घ्यायले फुरसत नाही."

त्यांच्या हाताखाली नव्यानं आलेली दीप्ती या उत्तरानं गप्प बसणारी नव्हती. एकदा टपरीवर चहा पिताना ती म्हणाली, "सर, आकडे नका देऊ. प्रश्न द्या. इतक्या वर्षांत तुम्हाला स्वतःला काय जाणून घ्यावंसं वाटलं?"

प्रेमानंद बोलून गेले, "मी बोलतो तेव्हा पेशंट खरंच स्थिर राहते का, हे कधी मोजलं नाही कोणी."

दीप्तीनं कप खाली ठेवला. "मोजू ना! आता हालचाल टिपणारे कॅमेरे आहेत. काही दिवस तुम्ही बोलायचं, काही दिवस गप्प राहायचं."

"जमणार नाही."

"काहून, सर?"

कप ठेवून ते उठले. वर्षअखेर निवृत्ती होती. आवाजानं काडीचा फरक पडत नाही असं कॅमेऱ्यानं सांगितलं, तर जाताना सोबत काय न्यायचं?

आठवडाभर त्यांनी तिला टाळलं. शेवटी तिनं मशिनच्या खोलीतच गाठलं. "भ्याले का, सर?"

"भ्यालोच त! मंचावर ढकलून राहिली मले तू, पोरी."

"मी विंगेत आहे ना," दीप्ती म्हणाली.

त्याच दिवशी प्रेमानंद अर्ज लिहायला बसले.

रुग्णालयाच्या समितीची परवानगी मिळाली. दीप्तीनं पेशंटांना नीट समजावून त्यांची संमती घेतली. रंभाबाईंचं बोलणं आजारानं जड झालेलं, पण जीभ तिखटच. "म्हणजे साहेब मधून मधून मुके होणार? घरी बी करा म्हणा, बायको खूश होईन."

महिनाभरानं दीप्तीनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंभाबाईंच्या हालचालीच्या रेषा दाखवल्या. गप्प दिवसांची रेषा सतत थरथरत होती. बोलत्या दिवसांची रेषा शांत नदीसारखी, पण मध्येच एखादी उसळी.

"हे काय?" प्रेमानंदांनी विचारलं.

दीप्तीनं वेळ जुळवली. "ऑटोवाल्याचा जोक. त्या हसल्या, सर."

प्रत्येक उसळीपाशी एकेक जोक निघाला. उसळी अगदी बारीक, उपचाराला धक्का न लावणारी; तरी प्रेमानंद खुर्चीत मागे टेकले. आवाज सावरत होता, विनोद हलवत होता. मग ते हसले. "म्हणजे टाळ्या घेत बसलो का मी? बसवलं होतं प्रॉम्प्टर म्हणून, अन् नट होऊन बसलो!"

रंभाबाईंचा उपचाराचा शेवटचा दिवस आला. स्पीकरमधून आवाज आला, "आज हसू नका, रंभाबाई. जोक बाहेर आल्यावर." मग मधून मधून एवढंच, "मी आहे इथं." पडद्यावरची रेषा सरळ गेली, अगदी शेवटपर्यंत.

रंभाबाई बाहेर आल्या त्या गालावर जाळीची नक्षी घेऊन. दारात उभ्या असलेल्या प्रेमानंदांनी हाक मारली, तशा त्या आवाज ओळखून थबकल्या. "तुम्हीच का ते? मले वाटे, कोणी उंचपुरा गडी असन. बरं, सांगा आता जोक."

बाकांवरची सगळी रांग त्यांच्याकडे बघायला लागली. प्रेमानंदांनी घसा खाकरला. तोंड उघडलं. कोराडीचं तेच कापरं पायांतून वर चढलं आणि शब्द कुठल्या कुठे पळाले.

मागून, अगदी हलक्या आवाजात, दीप्ती म्हणाली, "काय रंभाबाई, आज कामठीहून..."